समुद्रावरचं हवामान

नोव्हेंबर सरताना केमीला दुपारी अडीचलाच अंधार पडतो.
त्यात नवल नाही.
नवल हे, की त्या वर्षी माझा भाऊ इल्मो
रेडिओसमोर उभा राहून
समुद्रावरचं हवामान ऐकायला लागला,
आणि आमच्याकडे होडीसुद्धा नव्हती.

नैर्ऋत्येचा वारा, सेकंदाला नऊ मीटर. दृश्यता बरी.
एकेका दीपगृहाचं नाव, पुढे आकडा.
वाचणाऱ्या बाईचा आवाज इस्त्रीच्या चादरीसारखा.
इल्मो वहीत उतरवून घ्यायचा.
नऊ म्हणजे कागद कारखान्यातलं त्याचं कपाट.
बरी म्हणजे अजून वेळ आहे.

भिंतीला कान असतात म्हणतात.
त्याच्या भिंतींना वाचा फुटली होती.

तहान लागते, झोप लागते, ठेच लागते,
तसंच काहीसं त्याला लागलं.
कधी, कुठल्या दगडाची,
हे मी अजून शोधते आहे.
परीक्षेनंतरचा उन्हाळा? सातूची गेलेली रिकामी खोली?
तीन रात्री न झोपता केलेली पाळी?
प्रत्येक दगड उचलून बघते.
खाली ओल असते. बाकी काही नाही.

मी म्हणाले, अरे, असं काही नसतं.
एकदा नाही, शंभरदा म्हणाले.
माझ्या दर 'नाही'बरोबर तो एकेक खुर्ची लांब बसत गेला,
आणि एका रात्री बाहेर, उणे अठरात,
सॉनाच्या पायरीवर, मांडीवर बर्फाचं फावडं.
आम्ही आत सुरक्षित झोपावं म्हणून
पहारा देत होता.

लोक विचारतात, भीती नाही वाटली?
वाटली.
पण घरातला सगळ्यांत घाबरलेला माणूस
तोच होता.

आईनं रेडिओवर लोकरी शाल टाकली,
पोपटाच्या पिंजऱ्यावर टाकतात तशी.
आवाज शालीतून येत राहिला.

मग ते दोघं आले. दारात बूट काढले.
पुरुषाच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं,
इल्मो तेवढ्याकडेच बघत होता.
कॉफी झाली. बन झाले.
बाईनं वही मागितली नाही, चूक दाखवली नाही.
विचारलं, ती तुमचं नाव घेते
तेव्हा आवाज कसा असतो तिचा?

इतक्या महिन्यांत हे आम्ही कोणीच विचारलं नव्हतं.

इल्मोनं बराच वेळ कप फिरवला.
दमलेला, म्हणाला.
फार दमलीय ती. आणि सांगायला तिला मीच एकटा आहे.

तेव्हा आई, जी कधीच काही म्हणत नाही,
टेबलावरचे चुरे गोळा करत म्हणाली,
मीही दमलेय रे.

ते दोघं दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्याही.
गोळ्यांनी झोप आणली, पोट आणलं, कोरडे ओठ आणले.
दोनदा त्याने त्या सिंकमध्ये ओतल्या.
एकदा फिनेलच्या वासाच्या वॉर्डात सात आठवडे.
कॅलेंडरवर बघितलं तर सरळ रेघ नाही,
शिवणयंत्राचा दोरा गुंतावा तसं काहीतरी.

मे महिन्यात खाडीतला बर्फ करकरत फुटला.
धक्क्यावर आम्ही दोघं. तो म्हणाला,
तुला नाही कळायचं.
दिवे, दगड, मोटारींचे नंबर, सगळं माझ्याशी बोलायचं.
आता दगड म्हणजे दगड.
बरं वाटतं.
आणि फार एकटं.

मला वाटायचं बरं होणं म्हणजे
हरवलेलं परत मिळणं.
त्यातही काही हरवतं, हे ठाऊक नव्हतं.
मी त्याच्या जाकिटाची चेन वर ओढली. त्याने ओढू दिली.

आता तो आठवड्यातून तीन दिवस ग्रंथालयात पुस्तकं लावतो.
हात किंचित थरथरतात, म्हणून जड पुस्तकं खालच्या फळीवर.
कधीकधी मान कलती करतो,
शेजारच्या घरात नळ गळत असल्यासारखी.

काल विचारलं, आली का?
आलीय.
काय म्हणते?
काही नाही. नुसते आकडे वाचतेय.
कोणासाठी?
त्याने बटाटा सोलला, साल एका लांब पट्टीत.
होडीवाल्यांसाठी, म्हणाला.